पाठ झालंय? मग उलट विचारून बघा

दहावीच्या घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. परीक्षेआधी आई-बाबा म्हणतात, "आधी पाठ कर, समजायचं नंतर बघू." आणि निकाल लागल्यावर तेच आई-बाबा म्हणतात, "परीक्षा म्हणजे नुसती घोकंपट्टी, खऱ्या हुशारीला विचारतंय कोण?" मुलानं कुठलं खरं मानायचं? त्याचं उत्तर दर वर्षी प्रश्नपत्रिकेतच छापलेलं असतं. पण आपण प्रश्नपत्रिका हातात घेतो ती सोडवण्यासाठी. ती काय काय मागते आहे, हे शोधण्यासाठी कुणी वाचत नाही. ते आधी करू.

राज्य मंडळाच्या दहावीचा गणित भाग १ म्हणजे बीजगणिताचा पेपर घ्या. चाळीस गुण, दोन तास. पहिला प्रश्न ८ गुणांचा, त्यात चार बहुपर्यायी आणि चार एकेका गुणाचे. दुसरा १२ गुणांचा, तिसरा ९ गुणांचा. या दोन्हींत अर्धवट सोडवून दिलेल्या कृती पुऱ्या करायच्या असतात आणि पुस्तकातल्या वळणाची उदाहरणं सोडवायची असतात. हे झाले २९ गुण. चौथा प्रश्न ८ गुणांचा. यातली उदाहरणं पाठ्यपुस्तकातून जशीच्या तशी उचललेली नसतात. पाचवा ३ गुणांचा, तिथे मुलाला स्वतः काही रचायचं किंवा ठरवायचं असतं. हे ११ गुण. भूमितीच्या पेपरचा साचाही हाच. म्हणजे ८० पैकी ५८ गुण नेटाने केलेल्या सरावाला आणि २२ गुण विचाराला. वर शाळेने द्यायचे अंतर्गत २० आहेतच.

तेव्हा घोकंपट्टीला गुण मिळतात का, तर हो, भरपूर मिळतात. सरावसंच चार वेळा गिरवलेला मुलगा प्रकरण न समजताही सत्तरीपर्यंत पोचू शकतो, आणि हे पालकांपासून लपवण्यात अर्थ नाही. अडचण पुढे येते. त्या सत्तर गुणांवर तो अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतो. तिथे पहिल्याच सत्रात वर्गसमीकरण भौतिकशास्त्राच्या उदाहरणात येऊन बसतं आणि त्याला ते ओळखूच येत नाही. ‘दहावीला इतका हुशार होता, अकरावीत काय झालं कळत नाही’ असं म्हणणारे पालक तुमच्याही ओळखीत असतील. अकरावीत नवं काही झालेलं नसतं. जे आधीच कच्चं होतं, ते तिथे उघडं पडतं.

एक उदाहरण, दोन बाजूंनी

आपल्या मुलाला समजलंय की नुसतं पाठ आहे, हे ओळखायला शिक्षक असावं लागत नाही. एक उदाहरण बघा. एका मुलीने पहिल्या महिन्यात २०० रुपये बाजूला टाकले आणि पुढे दर महिन्याला आधीच्यापेक्षा ५० रुपये जास्त टाकत गेली. वर्षभरात एकूण किती रुपये जमले? हे अंकगणिती श्रेढीचं उदाहरण. पहिलं पद २००, फरक ५०, पदं १२. सूत्रात घातलं की ६ गुणिले ९५०, म्हणजे ५७०० रुपये. सूत्र पाठ असलेलं कुठलंही मूल हे दोन मिनिटांत सोडवतं.

आता तेच उदाहरण उलट विचारा. याच पद्धतीने पैसे टाकत गेली तर ५७०० रुपये जमायला किती महिने लागतील? सूत्र तेच, आकडे तेच. पण आता पदांची संख्या माहीत नाही, आणि ती शोधायला गेलं की समोर येतं n² + ७n − २२८ = ०. श्रेढीच्या प्रकरणात एकदम वर्गसमीकरण! पाठांतरावर उभं असलेलं मूल इथे थांबतं, "हे आम्हाला असं नाही शिकवलं," म्हणतं. थोडं समजलेलं मूल अवयव पाडतं आणि १२ आणि उणे १९ अशी दोन उत्तरं लिहून मोकळं होतं. नीट समजलेलं मूल उणे १९ खोडतं आणि शेजारी लिहितं, महिन्यांची संख्या ऋण असू शकत नाही. तीन मुलं, तीन पायऱ्या, आणि पहिल्या, सरळ प्रश्नात तिघांनाही सारखेच पूर्ण गुण मिळालेले.

ही उलटी तपासणी घरी रोज जेवताना करता येते. तुम्हाला गणित येत नसलं तरी चालेल, कारण उत्तर पुस्तकात दिलेलं असतं. ‘हे उत्तर दिलं आणि यातला एक आकडा लपवला, तर तो शोधता येईल का?’ एवढंच विचारायचं. भूमितीत तर याहून सोपं आहे. पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता मुलाला पाठ आहे ना? मग त्रिकोणाची नावं बदला, काटकोन डावीकडच्या कोपऱ्यातून उचलून वर शिरोबिंदूपाशी न्या आणि वहीत बघू न देता सिद्धता लिहायला सांगा. ओळीनं पाठ केलेलं मूल दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच जुनी अक्षरं लिहायला लागतं. कुठला त्रिकोण कुठल्या त्रिकोणाशी समरूप आहे आणि का, हे कळलेलं मूल लिहीत जातं.

विज्ञानात अशी तपासणी करायला मजा येते. ‘तारे लुकलुकतात, पण ग्रह लुकलुकत नाहीत, शास्त्रीय कारण द्या’ याचं उत्तर प्रत्येकाला येतं. त्यांना विचारा, चंद्रावर उभं राहून बघितलं तर तारे लुकलुकतील का? वातावरणातल्या हवेच्या थरांमुळे प्रकाश वळतो, हे वाक्य ज्याने नुसतं पाठ केलंय तो गोंधळतो. ज्याला कळलंय तो क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "तिथे वातावरणच नाही, मग कसे लुकलुकतील?" अपवर्तनाच्या धड्यासाठी स्वयंपाकघरातलं खोलगट स्टीलचं भांडं घ्या. तळाशी रुपयाचं नाणं ठेवा. मुलाला इतकं मागे सरकवा की भांड्याच्या काठाआड नाणं दिसेनासं होईल. मग तो तिथेच उभा असताना भांड्यात हळूहळू पाणी ओता. नाणं पुन्हा दिसायला लागतं. आता किरणांची आकृती काढायला सांगा, पुस्तक न बघता. आणि ती जमली की विचारा, पाण्याऐवजी तितकंच खाद्यतेल ओतलं असतं तर नाणं आणखी वर आल्यासारखं वाटलं असतं की कमी? तेलाचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा जास्त, म्हणून आणखी वर. ज्या मुलाने हे डोळ्यांनी बघितलं, त्याला अपवर्तनाची व्याख्या पाठ करायला फार वेळ लागत नाही.

भाषेच्या पेपरात काय झालं

भाषा विषयांत घोकंपट्टी मोडून काढायचा प्रयत्न मंडळाने केला होता, तो जाणून घेणं पालकांच्या उपयोगाचं आहे. दहावीला मराठीची जुनी प्रश्नपत्रिका गेली आणि कृतिपत्रिका आली. त्यात पठित-अपठित उतारे, आकलनाच्या कृती, स्वमत, उपयोजित लेखन. हेतू चांगला होता. धड्याखालच्या प्रश्नाचं छापील उत्तर पाठ करून लिहायची सोय राहू नये. मार्च २०१९ ची परीक्षा या नव्या अभ्यासक्रमावर झाली आणि त्याच वर्षी भाषांचे तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत दिले गेले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला.

या आकड्यांवरून मुलं एका वर्षात ढ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली, असं कुणी म्हणणार नाही. शाळेच्या हातातल्या गुणांनी टक्केवारी किती फुगते, हे मात्र दिसलं. म्हणून तुमच्या मुलाचा निकाल वाचताना अंतर्गत २० गुण बाजूला ठेवा आणि लेखी ८० पैकी किती मिळाले ते बघा. खरा अंदाज तिथे येतो.

कृतिपत्रिकेचं पुढे जे व्हायचं ते झालं. गाइडांनी स्वमताचीही तयार उत्तरं छापली. कवितेच्या रसग्रहणाचे साचे आले: आशयसौंदर्याच्या दोन ओळी, काव्यसौंदर्याच्या तीन, भाषिक वैशिष्ट्यांच्या दोन, मध्ये फक्त कवितेचं आणि कवीचं नाव बदलायचं. ‘मी नदी बोलतेय’, ‘मी वृक्ष बोलतोय’ ही आत्मवृत्तं तर मुलांच्या हाती आयती येतात. मुलाचं स्वतःचं मत पाठ करून यावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पंधरा वर्षांच्या मुलीला कविता आवडली नाही, असं लिहायचा अधिकार आहे. का आवडली नाही, हे तिने नीट मांडलं तर ते उत्तर पाठ केलेल्या कौतुकापेक्षा कितीतरी सरस आहे.

यासाठी घरी करण्यासारखं एक काम आहे. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायला लावा आणि त्यावरचं मत आजीला किंवा धाकट्या भावाला तोंडी सांगायला लावा. कुणाला तरी सांगताना गाइडची भाषा आपोआप गळून पडते. मग तेच सहा-आठ ओळींत लिहायचं: एक मुद्दा, त्याचं कारण आणि स्वतःच्या बघण्यातलं एक उदाहरण. अपठित उताऱ्याच्या सरावाला वर्तमानपत्राची रविवार पुरवणी पुरते. फक्त प्रश्न तुम्ही काढू नका, मुलालाच काढायला सांगा. उताऱ्यावर चांगला प्रश्न काढता आला, तर उतारा कळला आहे.

इतिहासाबद्दल थोडक्यात. दहावीचं इतिहासाचं पुस्तक सनावळीचं नाही. त्यात इतिहासलेखन, उपयोजित इतिहास, प्रसारमाध्यमं, पर्यटन असे विषय आहेत. उपयोजित इतिहासाची व्याख्या घोकण्याआधी जवळचा एखादा वाडा, किल्ला किंवा बारव बघून या आणि ती टिकवायची तर काय काय करावं लागेल, यावर मुलाला बोलतं करा.

पाठांतर हवंच, पण कशाचं

हे सगळं वाचून कुणी ‘मग पाठांतर बंद’ असा निष्कर्ष काढला, तर तो चुकीचा आहे. विचार करायला आधी डोक्यात काहीतरी असावं लागतं. परवचा म्हणून घेणाऱ्या आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ असायची, आणि म्हणून बाजारात हिशेब करताना त्यांचं लक्ष गुणाकारात अडकत नसे, भावात असे. उदाहरणाची वाट शोधता शोधता १७ गुणिले ८ किती यावर मूल अडत असेल, तर वाट हातची सुटणारच.

म्हणून तीसपर्यंतचे पाढे आणि वर्ग, महत्त्वमापनाची आणि त्रिकोणमितीची सूत्रं, मूलद्रव्यांच्या संज्ञा आणि संयुजा, प्रमेयांची विधानं, समास आणि अलंकारांची लक्षणं, नियमांची नेमकी शब्दरचना ही बिनदिक्कत पाठ करून घ्या. सोडवलेल्या उदाहरणाच्या पायऱ्या, निबंध, स्वमत, रसग्रहण आणि ‘अपेक्षित’मधली पानभर उत्तरं पाठ करू देऊ नका. एखादी गोष्ट पाठ करायची की नाही असा प्रश्न पडला, तर बघा की ती पुढे वापरायची वस्तू आहे की मुलाने स्वतः तयार करायची वस्तू आहे.

पाठ कसं करायचं यावरही पक्कं संशोधन आहे. अमेरिकेत २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता, ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणखी एक गोष्ट दिसली: वारंवार वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाटत होतं. मूल रात्री ‘सगळं झालंय’ म्हणतं ते खोटं बोलत नसतं. वाचून वाचून ओळखीचं झालेलं त्याला आलेलं वाटतं.

याचा उपयोग असा करा. प्रकरण वाचून झालं की पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. तेच प्रकरण दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, दर वेळी कोऱ्या कागदापासून. लाल शाई कमी होत गेली की समजावं, अभ्यास होतो आहे. वहीभर हायलायटर फिरवणाऱ्या मुलांना हे सुरुवातीला जड जातं, चिडचिड होते. ती होऊ द्या.

गणितात आणखी एक फसगत होते आणि ती फार कमी पालकांच्या लक्षात येते. ‘अंकगणिती श्रेढी’ या प्रकरणाखालचा सरावसंच सोडवताना मुलाला उदाहरण वाचण्याआधीच माहीत असतं की इथे श्रेढीचं सूत्र लागणार आहे. प्रकरणाच्या नावानेच निम्मं उत्तर सांगितलेलं असतं. परीक्षेत उदाहरणाच्या डोक्यावर प्रकरणाचं नाव नसतं. म्हणून वेगवेगळ्या सरावसंचांतली उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरवा, एका डब्यात टाका आणि रोज पाच काढायला लावा. सोडवायच्या आधी फक्त एक वाक्य लिहायचं, यात काय वापरायचं आणि का. दिवस कमी असतील तर नुसतं ते वाक्य लिहिलं तरी चालेल.

कुणी काय करावं

हा सल्ला सगळ्या मुलांना सारखा लागू नाही. सहामाहीत नापास झालेल्या मुलाला जानेवारीत उलट प्रश्न विचारत बसू नका. त्याला आधी ते २९ गुण मिळवू द्या. दिलेल्या कृती, सोपी उदाहरणं, व्याख्या, आकृत्या पक्क्या करू द्या, पाठ करून असल्या तरी. उत्तीर्ण होणं ही त्याची आजची गरज आहे आणि त्या गरजेला कमी लेखू नये. उलट ऐंशीच्या पुढे असलेल्या मुलाने तोच सरावसंच पाचव्यांदा सोडवण्यात वेळ घालवू नये. त्याचे राहिलेले गुण चौथ्या-पाचव्या प्रश्नात आहेत.

समजावून सांगितलं तर सगळं येतं, तोंडी फडाफड उत्तरं देतं, पण लिहिताना अक्षरं उलटसुलट होतात, वाचताना ओळी सुटतात, असं मूल असेल तर ते आळशी आहे असं ठरवून मोकळे होऊ नका. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मंडळ देतं. त्यासाठी लागणारी तपासणी आणि प्रमाणपत्राचं काम नववीतच सुरू करा, दहावीच्या दिवाळीनंतर धावपळ करून ते होत नाही.

मूल अजून सहावीत किंवा नववीत असेल, तर मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला जरूर बसवा. लेखी परीक्षेनंतर पुढच्या टप्प्यांत तिथे प्रात्यक्षिक असतं, कृतिसंशोधन प्रकल्प असतो, मुलाखत असते. मूल हाताने काय करू शकतं आणि का करतंय, हे तिथे विचारलं जातं. पण त्या परीक्षेचेही आता क्लास निघालेत आणि प्रकल्पही तयार मिळतात. प्रकल्प विकत घेणार असाल, तर मुलाला तिथे न बसवलेलं बरं.

क्लास निवडताना जाहिरातीतले फोटो आणि टक्के बघू नका. एक तास मुलाला बसवून बघा आणि घरी आल्यावर विचारा, तासात मुलांनी किती प्रश्न विचारले? सरांनी एकच उदाहरण दोन रीतींनी सोडवून दाखवलं का? नुसत्या नोट्स उतरवून घेणारा क्लास असेल, तर त्या फीमध्ये तुम्ही जे विकत घेताय ते गाइडमध्ये स्वस्तात मिळतं.

बाकी देशातही वारं बदलतंय. केंद्रीय मंडळाने २०२३-२४ पासून नववी-दहावीच्या प्रश्नपत्रिकांत निम्मे गुण क्षमता तपासणाऱ्या प्रश्नांना दिले आहेत. १९९३ मध्ये यशपाल समितीने ‘ओझ्याविना शिक्षण’ या अहवालात पाठांतरावर आधारलेल्या परीक्षांवर बोट ठेवलं होतं, म्हणजे या प्रश्नाची जाण नवी नाही. पण बोर्ड बदलेल तेव्हा बदलेल. शाळेच्या घटक चाचणीचा पेपर तुमच्या शाळेतच काढतात आणि तिथे तुमचा शब्द पोचू शकतो. पुढच्या पालकसभेत डबा, गणवेश आणि बसचे विषय झाले की उठून एवढं विचारा: वीस गुणांच्या चाचणीत पाच गुण पुस्तकाबाहेरच्या, आधी न सांगितलेल्या प्रश्नांना ठेवाल का? आणि तपासलेले पेपर मुलांना घरी द्याल का? पहिल्या चाचणीत त्या पाचांपैकी तुमच्या मुलाला शून्य मिळालं, तर शाळेवर चिडू नका आणि मुलावरही नाही. तो पेपर घेऊन त्याच्या शेजारी बसा आणि कुठपर्यंत जमलं होतं, ते त्यालाच दाखवायला सांगा.